छपराचं नाक

त्यांची पहिली गाठ पडली ती वरून खाली पडलेल्या टेपमुळे.

उन्हाळ्याचे दिवस होते. ती बेकरीच्या छपरावर उकिडवी बसून पत्रा मोजत होती, आणि घामेजल्या हातातून मोजायची टेप सटकली. पत्र्यावरून खडखडत गेली, पन्हळीला आपटली आणि थेट शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन पडली. ते दुकान चष्म्यांचं होतं. आतून एक उंच, किडकिडीत माणूस बाहेर आला. त्यानं टेप उचलली, कपाळावर हात आडवा धरला आणि वर पाहिलं.

"हे तुमचं का?"

"नाही, पाखरांचं," ती वरून म्हणाली. "आजकाल तीही मोजूनमापून घरटी बांधतात."

तो हसला नाही. म्हणजे लगेच नाही हसला. टेप उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "मग पाखरांना सांगा, दुकानात येऊन घेऊन जा," आणि आत निघून गेला.

आता आली का पंचाईत? मुकाट्यानं शिडी उतरावी लागली.

दुकानात गारवा होता. भिंतीभर भिंगांविना फ्रेमा टांगलेल्या, आणि सगळ्या जणू तिच्याच धुळकट पायांकडे बघतायत असं तिला वाटलं. तो काउंटरमागे बसून एका भिंगाची कड घासत होता. टेप समोरच होती. नीट गुंडाळलेली आणि... चक्क पुसलेली.

"टेप कुणी पुसतं का?" ती म्हणाली.

"दिवसभर भिंगं पुसतो. हात थांबत नाही." मग त्यानं मान वर केली. "छप्परवाली म्हणतात त्या तुम्हीच ना? बरं झालं... म्हणजे, टेप पडली ते बरं झालं. मागच्या खोलीवरची कौलं काढून पत्रा घालायचा आहे. आई झोपते तिथे."

छप्परवाली म्हणतात ती तीच. छपरांची कंत्राटं मुळात तिच्या बाबांची. बाबांचे गुडघे बोलायला लागले तशी ती शिडीवर चढली, आणि लोक हसून हसून दमेपर्यंत खाली उतरलीच नाही. स्वभावानं मिरचीसारखी. गिऱ्हाईक म्हणालं, इथे उतार कमी करा, की ही म्हणायची, मग घर तुमचं आणि पाणीही तुमचं. कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. बाबा कौतुकानं म्हणायचे, हिला पटवायचं तर आधी पत्र्याला पटवावं लागेल.

तर अशी ही बाई चष्मेवाल्याच्या मागच्या खोलीवर पत्रा घालायला गेली, आणि पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की तो दुकान सोडून शिडी धरायला येतो.

"शिडी पडत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग धरता कशाला?"

"पडली तर?"

ती वर चढली. पण त्या दिवशी स्क्रू आवळताना तिचे कान मात्र खाली होते. तो खोकला तरी तिला कळत होतं.

काम संपलं. बाबांच्या पद्धतीनं तिनं आढ्याच्या रेषेत, पत्र्याच्या टोपीखाली, बोटभर फट ठेवली आणि तिला जाळी लावली. बाबा त्या फटीला छपराचं नाक म्हणायचे. घर म्हटलं की माणसं आली, माणसं म्हटली की श्वास आले, वाफ आली, ती बाहेर जायला वाट नको का, असं त्यांचं म्हणणं. नाकाशिवाय छप्पर त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं आणि तिनंही नाही. ती शिडी उचलून घरी आली. हिशेब मिटला, निरोप झाला आणि सगळं कसं रिकामं रिकामं वाटायला लागलं.

दोनच दिवसांनी तो तिच्या गोदामाच्या दारात उभा.

"ती... वरची फट," तो म्हणाला. नजर तिच्यावर नव्हती, पत्र्यांच्या थप्पीवर होती. "वारा आला की शिट्टी वाजते. आईला झोप लागत नाही. बुजवता येईल का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिनं त्याला नाकावर आख्खं व्याख्यान दिलं असतं. पण त्यानं त्या "बुजवता येईल का"मध्ये काय घातलं होतं कोण जाणे. ती म्हणाली, "उद्या येते."

गेली, स्पंज कोंबला, वरून डांबरी पट्टी मारली. तेवढ्याशा कामात आख्खी दुपार गेली, कारण शिडी धरणाऱ्याला त्या दिवशी बोलायला बरंच सुचत होतं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "उरलेली पट्टी कुठली गं?"

"चष्मेवाल्याकडची. नाक बुजवलं."

"का?"

"तो म्हणाला म्हणून."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्याला तेल चोळत राहिले.

पावसाळा आला. सगळ्या गावातून तिला फोन आले. इथे गळतंय, तिथे ठिबकतंय. चष्म्याच्या दुकानातून मात्र एकही नाही. एका धो धो कोसळणाऱ्या दुपारी ती खिडकीत उभी होती आणि तिच्या मनात आलं, एक थेंब. फक्त एक. कुठल्या तरी स्क्रूतून, उगीच आपला, नावापुरता. आपणच घातलेलं छप्पर गळावं म्हणून देव पाण्यात घालणारी कंत्राटदार जगात दुसरी नसेल. तिनं जीभ चावली. पण इच्छा काही मागे घेतली नाही.

छप्पर मेलं चांगलं निघालं. पावसाळाभर टिपूससुद्धा गळलं नाही.

आणि फोन आला तो कधी, तर कडाक्याच्या थंडीत. पाऊस जाऊन युगं लोटलेली, आभाळ कोरडं ठणठणीत.

"मी... चष्म्याच्या दुकानातून बोलतोय."

"ओळखलं," ती म्हणाली आणि लगेच वाटलं, जरा थांबून ओळखायला हवं होतं.

"छप्पर गळतंय."

तिला एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. काळजात लख्ख उजेड पडला आणि अंगाचा तिळपापड झाला. "गळतंय? पाऊस कुठाय?"

"तेच विचारायला फोन केलाय."

ती भर दुपारी गेली. मागच्या खोलीत आईंचा पलंग एका कोपऱ्यात सरकवलेला, पूर्वीच्या जागी बादली, आणि भिंतीवर ओलीचे ओघळ. खिडक्या घट्ट लावलेल्या. दुसऱ्या कोपऱ्यात शेगडीवर किटली रटरटत होती, कारण थंडी पडली की आईंची छाती भरायची, आणि खोलीत वाफ राहिली की त्यांना जरा मोकळं वाटायचं.

"ये गं," आई पांघरुणातून म्हणाल्या. "तुझं छप्पर रडतंय बघ. तू येत नाहीस म्हणून असेल."

"आई," तो म्हणाला.

"मी छपराचं बोलतेय."

ती पटकन शिडीकडे वळली. वर चढून एकेक स्क्रू तपासला, एकेक रबरी वॉशर दाबून पाहिला. सगळं जागच्या जागी. मग पाण्याचा पाइप वर ओढून आख्ख्या पत्र्यावर पाणी सोडलं. तो आत बादलीशी उभा राहून वर बघत होता.

"काय दिसतंय?" ती वरून ओरडली.

"पत्रा."

"पाणी?"

"पाण्याचा नुसता आवाज येतोय, आत थेंब नाही."

ती चिंब भिजून, थंडीनं कुडकुडत खाली आली. "वरून एक थेंब येत नाहीये. माझ्या छपराला भोक नाही."

"मग बादली कशानं भरते? पहाटे ठिबकायला लागतं, ऊन चढलं की थांबतं. आई रात्रभर रडते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी कशाला रडू?" आई म्हणाल्या. "मी तर मेल्यासारखी झोपते. उशाशी ढोल बडवा, कूस बदलणार नाही. सकाळी उशी ओली होती तेव्हा कळलं मला."

तो एकदम लगबगीनं टॉवेल आणायला आत गेला. टॉवेल दिला, शेगडीजवळ खुर्ची ओढून दिली, आणि खालच्या आवाजात सांगायचं ते सांगितलं. त्याची ताई दुसऱ्या शहरात असते. ओल लागून आईचा खोकला वाढलाय हे तिला कळलंय. येत्या रविवारी गाडी घेऊन येतेय, आईला कायमची न्यायला. आणि त्याच्यासाठी तिनं तिकडे दुकानाचा गाळासुद्धा बघून ठेवलाय.

"म्हणजे... तुम्हीपण?"

"आईला एकटीला कशी सोडू? हे थांबलं तर मी ताईला सांगू शकतो, की आम्ही इथेच बरे आहोत. नाही थांबलं तर कुठल्या तोंडानं सांगू?"

टॉवेलमधून तोंड बाहेर काढायला तिला जरा वेळ लागला. "थांबेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा पाणी, पुन्हा कोरडं. ती खोलीच्या मधोमध उभी राहून पत्र्याच्या सांध्याकडे टक लावून बघत होती, तेव्हा तो बाजूनं म्हणाला, "तुम्ही डोळे बारीक करता."

"विचार करताना करते."

"विचार करताना करत असाल. पण लांबचं बघतानाही करता. या जरा दुकानात."

तिला काही कळायच्या आत ती उंच खुर्चीवर बसलेली आणि नाकावर नंबर तपासायची ती जड, गोल चौकट. तो समोर वाकलेला. इतका जवळ, की त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास तिला कळत होता. समोरच्या भिंतीवर अक्षरं होती म्हणे. असतील.

"हे बरं... की हे?" त्यानं भिंग बदललं.

"आधीचं."

"आता? हे बरं की हे?"

"आधीचं."

"तुम्ही बघताय कुठे?"

ती बघत होती त्याच्या भुवईवरच्या बारीकशा खुणेकडे. "अक्षरांकडे," ती म्हणाली.

"अक्षरं माझ्या मागे आहेत."

"मग बाजूला व्हा ना."

तो बाजूला झाला नाही. मग त्यानं हळूच चौकट काढून घेतली. "थोडा नंबर आहे. लांबचं अंधूक दिसत असणार तुम्हाला."

"जवळचं तरी कुठे धड दिसतंय," असं ती म्हणाली, आणि तोंड लपवायला छपराकडे पळाली.

शेवटी शनिवारी ती उजाडता उजाडताच गेली. पहाटे ठिबकतं म्हणतो ना, मग पहाटेच बघू. आई झोपलेल्या, किटली रटरटतेय, तो शिडी धरून उभा. ती खोलीतच शिडीवर चढली आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला हात लावला. हात ओलाचिंब. सगळा पत्रा थेंबांनी भरलेला, भाताच्या झाकणाला आतून असतो तसा. तिच्या डोळ्यांदेखत थेंब थेंबाला मिळाला, उतारावरून घसरला आणि बादलीत टपकला.

भोक नव्हतंच. खोलीतली ऊब, वाफ, श्वास, सगळं वर जाऊन गार पत्र्याला चिकटत होतं आणि पाणी होऊन खाली येत होतं. बाहेर जायला वाट नव्हती म्हणून. आणि वाट का नव्हती... तिची नजर आढ्याकडे गेली. काळा स्पंज. तिच्याच बोटांनी कोंबलेला.

"सापडलं?" त्यानं खालून विचारलं.

खरं सांगायची वेळ हीच होती. पण खरं सांगितलं असतं तर त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी एकच होतं. तिनं अर्धं गिळलं.

"पाणी छपरातून येत नाहीये," ती म्हणाली. "वाफेचं आहे. किटलीचं."

तिला वाटलं होतं, त्याला हायसं वाटेल. उद्या येऊन गुपचूप स्पंज काढू, एखादा स्क्रू आवळल्यासारखं करू, मिटलं. पण त्याचा चेहरा पार उतरला. त्यानं किटलीकडे पाहिलं, मग झोपलेल्या आईकडे.

"म्हणजे मीच," तो म्हणाला. "बरं वाटावं म्हणून दिवसभर वाफ करतोय... आणि तीच तिच्या उशाशी पाणी होऊन पडतेय."

"तसं नाही—"

"तसंच आहे. ताई बरोबर म्हणते, मला जमत नाहीये हे." त्यानं शेगडी विझवली. "तुमच्या छपराला उगीच बोल लावला. माफ करा हं. उद्या जाऊ आम्ही."

ती घरी आली ती पाय ओढत. गोदामात बाबा खुर्ची उन्हात सरकवून बसले होते. तिनं सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, बाबांना पत्र्यावरच्या पावलांवरून माणूस कळायचा.

"अर्धंच सांगितलंस?" बाबा म्हणाले.

"सगळं सांगितलं तर तो विचारेल, नाक का बुजवलंत. आणि गावभर होईल, की छप्परवालीनं चूक केली."

"गावाचं राहू दे. गाव दोन दिवस बोलतं. तो विचारेल त्याचं काय?"

"काय सांगू मी त्याला?"

"मी विचारलं होतं तेव्हा काय सांगितलंस?"

तिनं पायानं जमिनीवरचा एक स्क्रू ढकलला. मग पुटपुटली, "तो म्हणाला म्हणून."

"तेच सांग," बाबा म्हणाले. "त्यात खोटं काय आहे?"

रविवारी सकाळी ती पोचली तेव्हा पुढच्या दारात बॅगा बांधून ठेवलेल्या. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. शिडी लावली, सरळ वर गेली आणि आढ्याची टोपी खोलली. तो बाहेर आला आणि सवयीनं शिडी धरून उभा राहिला.

"आता कशाला?" तो म्हणाला. "आम्ही निघालोय."

डांबरी पट्टीचा लांबलचक तुकडा वरून त्याच्या पायाशी पडला. मागोमाग स्पंज, भिजून जड झालेला.

"हे काय?"

"तक्रारीचं उत्तर," ती वरूनच म्हणाली. खाली बघायचा धीर नव्हता. "चूक किटलीची नाही. तुमचीही नाही. किटली घराघरांत उकळते, म्हणून छपरं गळत नाहीत. वाफ जायला इथे फट होती, ती मी बुजवली. बुजवायची नसते हे मला माहीत होतं. पोरगेली होते तेव्हापासून माहीत होतं."

मग तो प्रश्न आला. येणारच होता.

"मग का बुजवलीत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"गिऱ्हाईक सांगेल ते सगळं करता?"

"कुणाचं काहीच करत नाही," ती म्हणाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "गावात कुणालाही विचारा. जन्मात एकाच माणसाचं ऐकलं, आणि ते पत्र्याच्या कामात ऐकलं, एवढंच चुकलं माझं. त्या दिवशी तुम्ही म्हणाला असतात, आख्खं छप्पर उलटं बसवा, तरी मी... बसवलं असतं बहुतेक."

शिडी थरथरली. तो धरून होता तरी थरथरली. तिनं शेवटी खाली पाहिलं. तो वर बघत होता, चेहरा कानापर्यंत लाल.

"ऐका," तो म्हणाला. "मलापण एक... म्हणजे ती शिट्टी... मी तेव्हा—"

तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला. ताई आली होती.

ताई वाईट बाई नव्हती, उलट फार मायाळू. त्यामुळेच तर तिच्याशी भांडता येत नव्हतं. छपराचं ऐकून तिनं मान डोलावली. "दुरुस्त झालं ना? छान. पण गादी ओली, भिंत ओली, आणि आईचा खोकला ऐकतोयस ना? आधी चल. बाकीचं तिकडे गेल्यावर बघू." आईंना शालीत गुंडाळून गाडीत बसवलं. आईंनी छप्परवालीचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला. बोलायला लागल्या तर खोकला आला.

तो सगळ्यांत शेवटी बाहेर पडला. कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"पत्रा बघाल अधूनमधून?" तो म्हणाला. मग खिशातून एक डबी काढली. "आणि हा तुमचा चष्मा. कालच झाला होता."

"तुम्ही काहीतरी सांगत होतात."

त्यानं गाडीकडे पाहिलं, ताई हाक मारत होती. "असं घाईत सांगायचं नाहीये," तो म्हणाला, आणि गेला.

तिनं चष्मा घातला. गल्लीच्या टोकापर्यंत सगळं लख्ख दिसायला लागलं. मागच्या काचेतून वळून बघणारा तोसुद्धा, वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत. लांबचं अंधूक दिसायचं तेच बरं होतं, असं तिला वाटलं.

मग ते दिवस सुरू झाले.

ती सकाळी लवकर उठायची आणि कामावर जायच्या आधी वाट वाकडी करून तिकडे जायची. कुलूप उघडायची. दुकानातल्या फ्रेमांवर धूळ बसत होती, ती पुसायची. आता तिचाही हात थांबत नव्हता. मग मागच्या खोलीत जाऊन पलंगावर चढायची आणि पत्र्याच्या खालच्या कडेला तळवा लावायची. कोरडा. रोज कोरडा. पण ज्या घरात कुणी श्वासच घेत नाही, तिथे पत्रा कोरडा राहिला तर त्यात कसलं कौतुक? एकदा तिनं वेड्यासारखं पत्र्याजवळ तोंड नेऊन श्वास सोडला. बारीक धुकं उमटलं, आणि बघता बघता छपराच्या नाकातून बाहेर गेलं. छप्पर काम चोख करत होतं. तिला मात्र रडू आलं, आणि ते पुसायला आधी चष्मा काढावा लागला.

फोन येत नव्हता असं नाही. आला एकदा. आईचा खोकला कमी आहे, तो म्हणाला. तिकडचा गाळा मोठा आहे, रस्त्याला लागून आहे, ताईनं रंगसुद्धा लावून घेतलाय.

"चांगलं झालं," ती म्हणाली.

"पत्रा?"

"कोरडा."

"आणि... चष्मा? बरं दिसतं का?"

आधीचं बरं होतं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. "दिसतं," ती म्हणाली. मागे कुणीतरी त्याला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला. रंग लावलेल्या गाळ्यातून माणूस परत येत नाही, हे तिला कळत होतं. कळत होतं तरी ती दुसऱ्या सकाळी किल्ली घेऊन गेलीच.

आपण सगळं सांगून मोकळे झालो आणि तो काहीच बोलला नाही. हे एक तिला दिवसभर टोचायचं. स्क्रू आवळताना, पत्रा कापताना, गिऱ्हाइकाशी भांडताना. हल्ली भांडणंही नीट व्हायची नाहीत. एक गिऱ्हाईक म्हणालं, उतार कमी करा, तर ही नुसतीच बघत राहिली. ते बिचारं घाबरून म्हणालं, बरं बरं, तुम्ही म्हणाल तसं. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढंच केलं.

थंडीचा कडाका अजून होता. अशाच एका सकाळी ती किल्ली घेऊन निघणार, तेवढ्यात फोन वाजला.

"मी चष्म्याच्या दुकानातून बोलतोय."

तिनं किल्ली खाली ठेवली. "कुठून?"

"दुकानातून. काल संध्याकाळी आलो. माझ्याकडे दुसरी किल्ली होती. फ्रेमा कुणी पुसल्या हो?"

"पाखरांनी," ती म्हणाली.

"तक्रार आहे," तो म्हणाला. "फट उघडल्यापासून वारा शिट्टी घालतोय. लगेच येता का?"

एवढंच. इतक्या दिवसांनी एवढंच. ती शिडी घेऊन निघाली तेव्हा तिचा राग नुसता उकळत होता. शिट्टी म्हणे. मी जीव टांगून बसलेय आणि याला शिट्टी. या वेळी ऐकणार नाही. कितीही गोड बोलला तरी नाक बुजवणार नाही म्हणजे नाही.

मागच्या अंगणात तो उभा होता. जरा वाळलेला. खिडकीतून आई दिसत होत्या, शाल पांघरून, किटलीशेजारी, आणि वर पत्रा सुकाच होता. तिनं कुणाशीही न बोलता शिडी भिंतीला लावली. तो ती धरायला पुढे झाला.

"बुजवणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. आईंना झोप नाही लागली तर कानात कापूस घाला. जाळी बदलेन, टोपी वाकवेन, पण—"

"ऐका ना."

"काय ऐकू?"

"शिट्टी."

ती थांबली. कान दिला. धुकं जागच्या जागी उभं होतं. दोरीवरचा टॉवेल हलत नव्हता. बेकरीच्या धुराड्यातून धूर सरळ रेषेत वर चालला होता. वाऱ्याचं नाव नव्हतं.

"कुठाय शिट्टी?" ती म्हणाली.

"नाहीये," तो म्हणाला. शिडीवरचा हात त्यानं काढला नाही. "तेव्हाही नव्हती."

तिला समजायला वेळ लागला. "पण तुम्ही म्हणालात, आईंना झोप..."

"आई मेल्यासारखी झोपते. तिनं तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, माझा तर जीवच गेला होता." तो पहिल्यांदाच भराभर बोलत होता. "काम संपलं. तुम्ही शिडी खांद्यावर टाकून निघून गेलात. तुम्हाला परत बोलवायला काहीतरी कारण हवं होतं. भोक पाडावं म्हटलं तर मला छपरावर चढता येत नाही. मग शिट्टी सुचली. तुम्ही एवढ्या तेवढ्यासाठी तुमची रीत मोडाल, असं वाटलंच नव्हतं. वाटलं, याल, भांडाल आणि जाल. भांडायला तरी याल."

"आणि हे सांगायला एवढे दिवस?"

"फोनवर सांगायचं नव्हतं. शिडी धरून सांगायचं होतं."

ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. आख्खी थंडी एक बादली भरत राहिली, आई खोकल्या, ताई धावत आली, गाळ्याला रंग लागला. आणि हे सगळं कशामुळे? तर याला बोलवायचं होतं आणि हिला यायचं होतं, आणि दोघांनाही तोंड उघडता आलं नाही म्हणून. तिला हसू यायला लागलं. हसता हसता चष्म्याच्या काचा धुरकटल्या. त्यानं तो हलकेच तिच्या नाकावरून काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. या वेळी तो बाजूला झाला नाही आणि तिनंही व्हायला सांगितलं नाही.

"आणि तो गाळा?" तिनं विचारलं.

"ताईनं भाड्यानं दिला. आई तिला म्हणाली, मला त्या पत्र्याखालीच झोप लागते."

आतून आईंचा आवाज आला, "बोलून झालं असेल तर आत या दोघं. दार उघडं ठेवून सगळी ऊब घालवताय."

ती उठली. सवयीनं शिडी खांद्यावर घ्यायला वाकली, तर त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. हात गार होता, भिंगासारखा गुळगुळीत.

"ही नेणार का परत?" त्यानं विचारलं.

तिनं शिडीकडे पाहिलं. बाबांच्या वेळची शिडी, आजवर एक रात्र कुणाकडे ठेवली नव्हती.

"नको," ती म्हणाली. "राहू दे इथेच."